कंपायलरच्या घडणीतील प्रमाद व त्यांचे निदान

१. विषयप्रवेश

भाषाशास्त्र विभागाच्या पत्रिकेत कंपायलरसारख्या यांत्रिक विषयावर लेख यावा, हे काही वाचकांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्या अभ्यासाची साधने आता बदललेली आहेत. बोलींच्या ध्वनिमुद्रणांचे लेखन, शब्दांची वारंवारता, रूपांचे पृथक्करण ही सर्व कामे आज संगणकावर होतात. ज्या यंत्रावर आपण आपले आकडे काढतो ते यंत्र कितपत विश्वसनीय आहे हा प्रश्न, एखादी हस्तलिखित पोथी कितपत विश्वसनीय आहे या प्रश्नाहून तत्त्वतः निराळा नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडील एका संगणकावर जीसीसी या कंपायलरची नवी आवृत्ती घडविण्याचा प्रयत्न लागोपाठ चार वेळा फसला. त्या अपयशाचे कारण शोधता शोधता आम्ही जेथे पोहोचलो ते स्थळ कंपायलरपासून बरेच दूर आणि एका संशोधक विद्यार्थिनीच्या प्रबंधाच्या अगदी निकट होते. तो शोध ज्या क्रमाने झाला तो क्रम व त्यामागील तत्त्वे स्पष्ट करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वाचकांस संगणकशास्त्राचे पूर्वज्ञान असावे अशी अपेक्षा नाही.

२. काही संज्ञांचा खुलासा

मनुष्याला वाचता येईल अशा कृत्रिम भाषेत लिहिलेली संहिता जो प्रोग्रॅम यंत्राच्या आज्ञांत उतरवितो त्यास कंपायलर म्हणतात. या शब्दाचा इतिहास भाषाभ्यासकास उद्बोधक आहे. १९५२ च्या सुमारास ग्रेस हॉपर यांनी तयार केलेला 'ए-०' हा प्रोग्रॅम आधीच लिहून ठेवलेले आज्ञासमूह संग्रहातून काढून एकत्र जुळवीत असे. म्हणून त्यास 'संकलन करणारा' या अर्थाचे नाव मिळाले. पुढे १९५७ साली जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांचा फोरट्रान भाषेचा कंपायलर प्रसिद्ध झाला. संकलनाचे काम मागे पडून भाषांतराचे काम प्रधान झाले, परंतु नाव तेच राहिले. अर्थाचे स्थलांतर झाल्यावरही शब्द टिकून राहतो, याचे हे एक अलीकडचे उदाहरण होय.

लिनक्स या कार्यप्रणालीची बहुतेक रूपे वापरणाऱ्यास तयार यांत्रिक आज्ञांच्या स्वरूपात मिळतात. काही रूपांत मात्र प्रत्येक साधनाची मूळ संहिता आणून ती आपल्याच यंत्रावर घडवावी लागते. जेंटू हे या दुसऱ्या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण. त्याची १.० ही आवृत्ती २००२ साली निघाली. २०२३ च्या डिसेंबरपासून जेंटूनेही अनेक साधने तयार स्वरूपात देण्यास आरंभ केला आहे. तथापि संहितेपासून घडविणे हा त्याचा मूळ धर्म कायम आहे. हे काम 'पोर्टेज' नावाची व्यवस्था करते. संहिता आणणे, उलगडणे, तीत दुरुस्त्या लावणे, यंत्रानुरूप जुळणी करणे, घडविणे, आणि शेवटी एका वेगळ्या जागी मांडून मग प्रत्यक्ष प्रणालीत मिसळणे, अशा तिच्या पायऱ्या आहेत. यांतील मिसळण्याची पायरी सर्वांत शेवटी येते हे विशेष ध्यानात ठेवावे. घडणीच्या पायरीवर काम मोडले तर पूर्वीचा कंपायलर जसाच्या तसा राहतो. यास्तव अशा प्रसंगी घाबरून जाऊन काही काढून टाकण्याचे अथवा पुसून टाकण्याचे कारण नाही.

३. कंपायलर स्वतःला कसा घडवितो

जीसीसीची पहिली आवृत्ती रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केली. आरंभी तो सी भाषेत लिहिलेला होता. २०१३ च्या ४.८ या आवृत्तीपासून तो घडविण्यास सी-प्लस-प्लसचा कंपायलर लागतो. म्हणजे जीसीसी ज्या भाषेचा कंपायलर आहे त्याच भाषेत तो स्वतः लिहिलेला आहे. यात प्रथमदर्शनी चक्रक दोष भासतो. परंतु दादोबा पांडुरंग यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण मराठीतच लिहिले, तेव्हा वाचकास मराठी आधीच अवगत होती म्हणून ते व्याकरण कळले. कंपायलरचेही तसेच आहे. नवा कंपायलर घडविण्यास आधीचा कोणता तरी कंपायलर यंत्रावर असावा लागतो. स्वतःचेच भाषांतर करणारा असा एक कंपायलर १९६२ साली टिम हार्ट व माइक लेव्हिन यांनी लिस्प भाषेसाठी लिहिला, इतकी ही रीत जुनी आहे.

जीसीसीची घडण तीन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात यंत्रावरील जुना कंपायलर नव्या संहितेचे भाषांतर करतो. दुसऱ्या टप्प्यात, पहिल्या टप्प्यात तयार झालेला कंपायलर त्याच संहितेचे पुन्हा भाषांतर करतो. तिसऱ्या टप्प्यात हेच काम दुसऱ्या टप्प्यातील कंपायलर करतो. यानंतर दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यांतील आज्ञांच्या फायली परस्परांशी ताडून पाहिल्या जातात. त्या जुळल्या नाहीत तर घडण तेथेच थांबविली जाते.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. पहिल्या टप्प्यातील कंपायलर जुन्या कंपायलरच्या हातून उतरलेला असल्यामुळे त्याच्या आज्ञांची ठेवण जुनी असते, परंतु अर्थ नवा असतो. दुसऱ्या टप्प्यातील कंपायलरची ठेवणही नवी आणि अर्थही नवा. दोहोंचा अर्थ एकच असेल तर एकच संहिता दोघांकडे दिल्यावर दोघांचे उत्पन्नही एकच यावयास हवे. दुसऱ्या टप्प्यातील फायली हे पहिल्या कंपायलरचे उत्पन्न, आणि तिसऱ्या टप्प्यातील फायली हे दुसऱ्याचे. ते भिन्न आले तर भाषांतरात कोठे तरी अर्थ ढळला, असे अनुमान निघते.

पोथ्यांच्या संपादनाशी परिचय असलेल्या वाचकांस ही रीत अनोळखी वाटणार नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली हाती घेतलेले आणि १९६६ साली पूर्ण झालेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य प्रतींच्या अशाच ताडणीवर उभे आहे. वि. सी. सुकथनकर यांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत १९३३ साली या पद्धतीची तत्त्वे मांडली. प्रतींतील भेद म्हणजे केवळ उपद्रव नव्हे. तो प्रतींच्या इतिहासाचा पुरावा होय. हे तत्त्व पुढे आपणास पुन्हा लागणार आहे.

४. आमच्यापुढील प्रसंग

आमच्या संगणकात १६ कामे एकाच वेळी चालविणारा प्रोसेसर आणि ८ गिगाबाइट मेमरी होती. ही मेमरी प्रत्येकी ४ गिगाबाइटच्या दोन पट्ट्यांत विभागलेली होती. शब्दरूपांच्या पृथक्करणाचे जे साधन आम्हांस हवे होते ते सी-प्लस-प्लसच्या २०२० सालच्या मानकातील काही रचनांचा उपयोग करीत असल्यामुळे नवा कंपायलर घडविणे प्राप्त झाले. पोर्टेजला एकाच वेळी १६ कामे चालविण्याची सूचना पूर्वीपासून दिलेली होती. ती कोणी व का दिली याचा विचार आमच्यापैकी कोणीही केला नव्हता.

पहिला प्रयत्न सुमारे तासाभरात मोडला. पडद्यावरील अखेरच्या ओळींचा मथितार्थ एवढाच होता की, घडणीच्या पायरीवर 'मेक' या साधनास अपयश आले. आमच्या एका विद्यार्थ्याने तोच प्रयत्न तसाच पुन्हा केला. तोही मोडला, पण निराळ्या फायलीवर. 'पुन्हा एकदा करून पाहू' ही वृत्ती स्वाभाविक असली, तरी आधीच्या अपयशाची नोंद वाचल्यावाचून केलेला पुनःप्रयत्न बहुधा व्यर्थ जातो.

५. नोंद कशी वाचावी

घडण मोडल्यावर पोर्टेज आपल्या तात्पुरत्या निर्देशिकेत संपूर्ण वृत्तान्ताची फाइल ठेवून देते. जीसीसीच्या बाबतीत ती हजारो ओळींची असते. ती वाचताना तीन गोष्टींचे अवधान ठेवावे.

पहिली गोष्ट अशी की, शेवटची ओळ हे कारण नव्हे. शेवटची ओळ म्हणजे वरच्या अधिकाऱ्याने दिलेला अहवाल होय. प्रत्यक्ष अपघात खाली कोठे तरी घडलेला असतो. 'मेक' हे साधन स्वतःच्या पोटात पुन्हा 'मेक' चालविते, त्याच्या पोटात आणखी एक, अशी उतरंड असते. प्रत्येक ओळीच्या आरंभी कंसात जो अंक येतो तो या उतरंडीची खोली दाखवितो, आणि अपयशाच्या ओळीवर तीन तारका असतात. गौणवाक्यात गौणवाक्य गुंतलेले असावे तशी ही रचना आहे. वाक्याचा उलगडा जसा सर्वांत आतल्या वाक्यापासून करावा, तसा येथेही तारकांच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत खोल असलेल्या ओळीपासून करावा आणि तिच्या लगेच वरचा मजकूर पाहावा.

दुसरी गोष्ट, अनेक कामे एकाच वेळी चालू असता त्यांच्या ओळी परस्परांत मिसळतात. एक काम मोडल्यावरही आधीच सुरू झालेली इतर कामे आपापल्या ओळी लिहीत राहतात. त्यामुळे कारणाची ओळ अखेरीपासून शेकडो ओळी मागे सापडू शकते. क्रम शुद्ध हवा असेल तर एका वेळी एकच काम चालविण्याची सूचना देऊन पुन्हा घडण करावी. वेळ फार लागतो, परंतु वृत्तान्त सरळ मिळतो.

तिसरी गोष्ट, 'एरर' हा शब्द आला की दोष सापडला असे मानू नये. कंपायलरच्या संहितेत त्या नावाच्या फायली असतात आणि सूचनांतही तो शब्द येतो. शिवाय जुळणीच्या पायरीवर 'अमुक सोय या यंत्रावर आहे काय' हे पाहण्यासाठी अनेक लहान परीक्षा मुद्दाम घेतल्या जातात. त्यांपैकी काही अनुत्तीर्ण होणे हे अपेक्षितच असते. शब्द आणि त्याचा प्रयोग यांतील भेद भाषाभ्यासकास सांगावयास नको.

६. दोषांचे वर्गीकरण

घडण मोडण्याची कारणे स्थूलमानाने पाच वर्गांत बसतात.

(१) साधनसामग्रीचा अभाव. तात्पुरत्या निर्देशिकेतील जागा संपली तर तसे स्पष्ट लिहिलेले आढळते. मेमरी संपली तर कर्नल सर्वाधिक मेमरी व्यापणाऱ्या कामांपैकी एखादे निवडून ठार करतो, आणि वृत्तान्तात 'किल्ड' एवढाच शब्द उरतो. का ठार केले हे कंपायलरला ठाऊक नसते. ते कर्नलच्या स्वतंत्र नोंदीत पाहावे लागते. तात्पुरती निर्देशिका मेमरीतच ठेवण्याची प्रथा असलेल्या यंत्रावर हा धोका दुणावतो.

(२) अवलंबनाचा अभाव. जीसीसीला जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी ही तीन गणिती साधने आवश्यक असतात. त्यांपैकी एखादे नसले अथवा फार जुने असले तर काम बहुधा जुळणीच्या पायरीवरच थांबते. हा दोष लवकर व स्वच्छ शब्दांत प्रकट होतो, म्हणून तो सर्वांत सौम्य समजावा.

(३) संहिता आणि परिसर यांतील कालभेद. जुनी संहिता नव्या परिसरात घडविताना हा दोष उद्भवतो. उदाहरणार्थ, जीलिबसी या मूलभूत संग्रहाच्या २.२६ या आवृत्तीत, २०१७ साली, एका संरचनेचे 'युकॉन्टेक्स्ट' हे जुने नाव काढून टाकण्यात आले. जीसीसीच्या तत्पूर्वीच्या आवृत्त्या त्या नावाचा आधार घेत असल्यामुळे त्या नव्या परिसरात घडेनाशा झाल्या. पुढल्याच वर्षी २.२८ या आवृत्तीतून 'युस्टॅट' नावाची शीर्षफाइल गेली आणि तोच अनुभव पुन्हा आला. दोन्ही ठिकाणी संहितेत चूक नव्हती. तिच्या सभोवतालची भाषा पालटली होती. जुन्या ग्रंथातील शब्द आज कळत नाही म्हणून ग्रंथ अशुद्ध ठरत नाही, तसेच हे आहे. यावर उपाय म्हणजे दुरुस्ती लावलेली अथवा नवी आवृत्ती घेणे.

(४) वापरणाऱ्याच्या आग्रही सूचना. वेग वाढविण्याच्या हेतूने दिलेल्या अपरिचित सूचना, किंवा एका जातीच्या प्रोसेसरसाठी दिलेल्या सूचना दुसऱ्या जातीवर वापरणे, यांमुळे कंपायलर मोडू शकतो. शंका आल्यास सर्व विशेष सूचना काढून साध्या सूचनांवर घडण करून पाहावी.

(५) यंत्राचा दोष. मेमरीतील एखादा कण सदोष असणे, यंत्र तापणे, विद्युत्पुरवठा अस्थिर असणे. या वर्गाचे लक्षण म्हणजे 'सेग्मेंटेशन फॉल्ट' किंवा 'कंपायलरमधील अंतर्गत दोष' असे शब्द, आणि तेही प्रत्येक वेळी निराळ्या ठिकाणी.

या वर्गांतील भेद ओळखण्याची मुख्य कसोटी पुनरावृत्ती ही होय. दुसरा, तिसरा आणि चौथा हे वर्ग नियत आहेत: त्याच संहितेवर, त्याच सूचनांनी, दोष त्याच ओळीवर येतो. पहिला व पाचवा हे वर्ग अनियत आहेत. दोषाचे स्थान बदलते. त्या दोहोंत फरक करावयाचा तर दोषाचे नाव पाहावे. बाहेरून ठार झालेले काम आणि आतून कोसळलेले काम यांची भाषा वेगवेगळी असते. जीसीसीला तशी सूचना दिली असता, कोसळलेले काम तो स्वतःच पुन्हा करून पाहतो. दोष पुन्हा आला नाही तर हा दोष बहुधा यंत्राचा किंवा कार्यप्रणालीचा असावा, असे तो लिहून ठेवतो. यंत्राने आपल्याविरुद्ध दिलेली ही साक्ष गंभीरपणे घ्यावी.

७. निदानाचा क्रम

वरील वर्गीकरण हाती घेऊन आम्ही पहिल्या दोन प्रयत्नांचे वृत्तान्त वाचले. दोन्हींत 'किल्ड' हा शब्द होता. दोन्ही वेळच्या कर्नलच्या नोंदींत मेमरी संपल्याचा उल्लेख होता. कारण पहिल्या वर्गातले ठरले. जेंटूच्या मार्गदर्शिकेत असा संकेत दिला आहे की, एकाच वेळच्या कामांची संख्या प्रोसेसरच्या क्षमतेइतकी, किंवा एकूण मेमरीस दोन गिगाबाइटने भागून येणाऱ्या संख्येइतकी, यांपैकी जी लहान असेल ती धरावी. आमच्या यंत्रास ही संख्या १६ नव्हे, ४ येते. दोष आमच्याच सूचनेचा होता. पोर्टेजमध्ये एखाद्याच साधनापुरती वेगळी सूचना देता येते. त्याप्रमाणे जीसीसीपुरती संख्या ४ केली.

तिसरा प्रयत्न पहिला टप्पा ओलांडून दुसऱ्या टप्प्यात गेला आणि मोडला. या वेळी मेमरी शिल्लक होती, कर्नलच्या नोंदीत ठार केल्याचा उल्लेख नव्हता. शब्द होता 'सेग्मेंटेशन फॉल्ट'. ओळींचा क्रम शुद्ध मिळावा म्हणून चौथा प्रयत्न एका वेळी एकच काम चालवून रात्रभर केला. सकाळी पाहतो तो तोच दोष, परंतु अगदी वेगळ्या फायलीवर. एक कारण दूर केल्यावर त्यामागे दडलेले दुसरे कारण असे उघडे पडले होते. एका लक्षणास एकच कारण असते या समजुतीने आमचा विद्यार्थी पहिल्या दुरुस्तीवरच शंका घेऊ लागला होता. ती दुरुस्ती योग्यच होती. ती अपुरी होती.

यानंतर पाचवा प्रयत्न करण्याचा मोह आवरणे हे या सर्व प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे कृत्य होते, असे मला वाटते. अनियत दोष असलेल्या यंत्रावर आठ-दहा वेळा प्रयत्न केल्यास एखादी घडण शेवटास जाणे अशक्य नाही. परंतु तसा कंपायलर हाती आला तर तो निर्दोष आहे याची हमी कोण देणार? दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यांची ताडणी काही दोष पकडते, सर्व नव्हे. आणि कंपायलर ही मातृका आहे: तिच्यात शिरलेला प्रमाद तिच्यापासून उतरलेल्या प्रत्येक साधनात जातो. केन टॉम्प्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात दाखवून दिले की, कंपायलरमध्ये हेतुतः घातलेला विकार मूळ संहितेत कोठेही न दिसता पिढ्यान्पिढ्या टिकू शकतो. आमच्यापुढील विकार हेतुपुरस्सर नव्हता. पण संहिता वाचून तो सापडला नसता, ही गोष्ट दोन्हींत समान आहे.

म्हणून कंपायलर बाजूस ठेवून आम्ही मेमरीची परीक्षा घेणारा स्वतंत्र प्रोग्रॅम यंत्र सुरू होतानाच चालविला आणि तो रात्रभर तसाच ठेवला. सकाळी पडद्यावर एकच पत्ता पुनःपुन्हा उमटलेला होता. त्या पत्त्यावरील बाइटचा सर्वांत खालचा बिट, तेथे ० लिहिले असता कधी कधी १ असा वाचला जात होता. दोन पट्ट्यांची आळीपाळीने परीक्षा घेता त्यांपैकी एक सदोष ठरली. ती काढून टाकली, राहिलेल्या ४ गिगाबाइट मेमरीच्या मानाने कामांची संख्या २ केली, आणि पाचव्या प्रयत्नात तिन्ही टप्पे पार पडून ताडणीही जुळली.

८. 'ल' आणि 'ळ'

येथे कंपायलरचा विषय संपतो. परंतु आमची चिंता येथून सुरू झाली. याच यंत्रावर आमची एक संशोधक विद्यार्थिनी अनेक महिने बोलींच्या लिखित नमुन्यांतील 'ल' आणि 'ळ' यांची मोजणी करीत होती. बोलीबोलींत या दोन वर्णांची वाटणी कशी होते, यावर तिच्या प्रबंधाचा एक अध्याय आधारलेला आहे.

युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीच्या प्रत्येक वर्णास एक क्रमांक आहे. 'ल' चा क्रमांक २३५४ आणि 'ळ' चा २३५५. सर्वांत खालचा बिट ० असेल तर संख्या सम, १ असेल तर विषम. म्हणजे तो एक बिट ० चा १ झाला की 'ल' चा 'ळ' होतो, आणि 'काल' या शब्दाचा 'काळ' होतो. दोन्ही शब्द मराठीत शुद्ध असल्यामुळे शुद्धलेखन तपासणारा कोणताही प्रोग्रॅम त्यावर आक्षेप घेणार नाही. ज्या प्रमादातून अर्थहीन शब्द निघतो तो पकडणे सोपे. ज्यातून अर्थपूर्ण शब्द निघतो तो पकडणे कठीण, हे पोथ्यांच्या संपादकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

विद्यार्थिनीने मूळ नमुन्यांची एक प्रत काम सुरू होण्यापूर्वी अन्यत्र ठेवलेली होती. ती प्रत व यंत्रावरील फायली बाइटनिहाय ताडून पाहिल्या. तीन ठिकाणी भेद निघाला. एका ठिकाणी 'द' चा 'ध' झाला होता. दुसऱ्या ठिकाणी दोन शब्दांमधील मोकळी जागा जाऊन तेथे उद्गारचिन्ह आले होते. तिसऱ्या ठिकाणी, जे भय होते तेच, 'ल' चा 'ळ' झाला होता. आता या तिन्ही भेदांचे क्रमांक पाहावे: 'द' २३४२ आणि 'ध' २३४३, मोकळी जागा ३२ आणि उद्गारचिन्ह ३३, 'ल' २३५४ आणि 'ळ' २३५५. तिन्ही ठिकाणी सम संख्येची लगतची विषम संख्या झालेली; उलट दिशेचे एकही उदाहरण नाही. हाताने टंकलेखन करणाऱ्याकडून मोकळ्या जागेऐवजी उद्गारचिन्ह आणि 'ल' ऐवजी 'ळ' अशा चुका एकाच नियमाने होण्याचा संभव नाही. समान प्रमादावरून समान मूळ ओळखावे, या न्यायाने तिन्ही भेद एकाच लेखनिकाचे मानणे प्राप्त होते, आणि तो लेखनिक कोण हे मेमरीच्या परीक्षेने आधीच सांगितले होते.

सर्व मोजणी दुसऱ्या यंत्रावर, मूळ प्रतीवरून, नव्याने करण्यात आली. दोन सारण्यांत एकेका अंकाचा फरक पडला. प्रबंधाचा निष्कर्ष बदलला नाही. तथापि तो बदलला नाही हे आज ती सप्रमाण सांगू शकते. त्या चार फसलेल्या प्रयत्नांपूर्वी तिला ते सांगता आले नसते, आणि सांगण्याची आवश्यकता आहे हेही आमच्यापैकी कोणास सुचले नसते.

९. उपसंहार

या अनुभवावरून विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी थोडक्यात अशा. घडण मोडली असता प्रथम वृत्तान्त जपून ठेवावा, मग वाचावा. प्रयत्न त्यानंतर करावा. शेवटची नव्हे, पहिली चूक शोधावी. दोषाचे स्थान स्थिर आहे की बदलते हे ठरविल्यावाचून उपाय योजू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळते. अनियत दोष दिसताच त्या यंत्रावरील इतर सर्व कामे संशयास्पद समजावी. आणि मूळ नमुन्यांची एक प्रत, तिच्या ताडणीच्या खुणेसह, यंत्राबाहेर असल्यावाचून मोजणीस आरंभच करू नये.

शेवटी एका विचाराकडे वाचकांचे लक्ष वेधतो. आपली रोजची गणनाची साधने चुकीच्या मेमरीवरही निमूटपणे चालत राहतात व निमूटपणे चुकीचे उत्तर देतात. कंपायलरची घडण मात्र दीर्घ, मेमरीवर फार भार टाकणारी आणि स्वतःचीच ताडणी करणारी असल्यामुळे ती मोडून पडते. आम्ही तिला उपद्रव समजत होतो. वस्तुतः आमच्या यंत्राविषयी खरे बोलणारी ती एकटीच होती. काढून घेतलेली सदोष पट्टी सध्या माझ्या टेबलाच्या खणात आहे. पाठचिकित्सेचा पाठ घेताना ती मी वर्गात दाखवितो.